अन्सेल्मोच्या पेल्यातलं पाणी

१४ मे १९०१, मंगळवार. सकाळी पावणेसहा.

स्वयंपाकघराच्या पायरीवर बसून बुटांना चरबी चोळत होतो. हात पुसले आणि ही वही उघडली. आजपासून नोकरी! अमेरिकी लष्करी डॉक्टरांच्या घासलेट-तुकडीत.

चार इयत्ता झाल्या आणि स्पेनविरुद्धची लढाई सुरू झाली. गावातल्या शाळेचा तबेला झाला. मग गावच जळलं आणि आई मला घेऊन डोंगरातून इथे हवानाला आली. तरीही मला घेतलं, कारण अर्जात एकही चूक नव्हती. तुकडीचे डॉक्टर कॅप्टन व्हिटलॉक यांनी कागद चष्म्याजवळ नेऊन वाचला आणि म्हणाले, "या शहरात स्वल्पविराम देणारा पहिलाच माणूस भेटला." थट्टा की कौतुक, अजून कळलेलं नाही.

अर्जात एक रकाना होता. पिवळा ताप येऊन गेला आहे का? 'होय' लिहिलं. क्यूबात जन्मलेल्या माणसाला तो तान्हेपणीच येऊन जातो, आठवतसुद्धा नाही, आणि एकदा आला की परत येत नाही. सगळे तेच लिहितात. मरतात ते बोटीने नवे आलेले.

त्याच दिवशी, संध्याकाळ.

पाय सुजलेत. काम असं: घरोघर जायचं. रांजण, हौद, पिंपं, मुंग्या चढू नयेत म्हणून कपाटाच्या पायांखाली ठेवलेल्या पाण्याच्या वाट्या, सगळं बघायचं. साठलेल्या पाण्यावर घासलेटचा तवंग सोडायचा. डासाच्या अळ्या सापडल्या तर दंड. बघून झालं की दारावर खडूने खूण करायची. ताप एका जातीच्या डासामुळे पसरतो, आणि तो डास आपल्याच घरातल्या स्वच्छ पाण्यात वाढतो, असं डॉक्टर म्हणतात. निम्म्या शहराला याचं हसू येतं. मला येत नाही. मला सगळ्याचीच भीती वाटते, मग डासाची का नको!

माझ्याबरोबर त्रांकिलिनो आहे. घासलेटचा डबा त्याच्याकडे, खडू माझ्याकडे. लढाईत सार्जंट होता. रंगाने काळाभोर, आवाज असा की दार वाजवावंच लागत नाही. मला 'मास्तर' म्हणतो. एका बाईने आज विचारलं, "अहो, आमच्या रांजणात विष ओतताय?" तर म्हणाला, "विष नाही ताई, अत्तर आहे. सरकारी आहे म्हणून वास असा."

१६ मे.

बूट घट्ट झाले आहेत. बाकी काही नाही.

२० मे, सोमवार.

मागची खोली भाड्याने गेली. ओब्दुलिया नाव. अस्तुरियासची, स्पेनहून परवाच बोटीने आली. ओब्रापिया गल्लीतल्या परटाच्या दुकानात इस्त्रीचं काम मिळालंय. गालांवर सफरचंदासारखी लाली. त्रांकिलिनो मला हाक मारायला आला तेव्हा तिला बघून म्हणाला, "बोटीचा रंग उतरला नाही अजून! चार महिने टिकली तर उतरेल."

ती म्हणाली, "आणि नाही टिकले तर?"

त्याने डबा उचलला आणि बाहेर पडला.

तिच्या खोलीतली मच्छरदाणी म्हणजे नुसती भोकं. माझी काढून तिला दिली. आधी दिव्याजवळ धरून एकेक जागा तपासली, दोन ठिकाणी टाके घातले. ती बघत उभी होती.

"तुम्हाला नको?"

"मी इथलाच आहे."

"डासांना ठाऊक आहे का ते?"

आई आतून म्हणाली, "अगं, आम्हा क्यूबाच्या माणसांना काही होत नाही. तूच सांभाळ."

२६ मे, रविवार.

आज आमच्याच घराची तपासणी केली. नोकरीवर नसताना, मनाच्या समाधानासाठी. रांजणाला झाकण, त्यावर फडकं. कपाटाखालच्या वाट्यांत घासलेट. अंगणात नारळाची एक करवंटी सापडली, उपडी केली.

फक्त अन्सेल्मोचा पेला बघितला नाही.

तो बघायचा नसतो. कोणाच्याच घरी आम्ही बघत नाही. जवळजवळ प्रत्येक घरात एक फळी असते, तिच्यावर गेलेल्या माणसाचा फोटो किंवा टोपी किंवा काहीतरी, आणि शेजारी पाण्याचा पेला. मेलेल्यांना तहान फार लागते. त्रांकिलिनो फळीसमोर टोपी काढतो आणि पुढच्या खोलीत जातो. पहिल्याच दिवशी त्याने मला सांगून टाकलं, "मास्तर, मेलेल्याच्या पाण्यात घासलेट मी ओतणार नाही. मलाही कधीतरी त्या लोकांत जायचंय, तिथे तोंड काय दाखवू?" तुकडीतले सगळे तेच करतात. डॉक्टरांना पेला दिसला तरी वाटत असेल, कोणीतरी प्यायला ठेवलाय.

बाकीचे लोक दर सोमवारी ते पाणी ओततात आणि ताजं भरतात. आमची आई ओतत नाही. माझा थोरला भाऊ अन्सेल्मो शहाण्णव साली बंडखोरांबरोबर गेला. नदीपाशी पडला, असं कोणी सांगितलं. नाही, ताप येऊन गेला, असं दुसऱ्याने सांगितलं. ना मूठभर हाडं आली, ना खात्रीचा निरोप. आईने तेव्हाच ठरवलं: निरोप येईपर्यंत हे पाणी ओतायचं नाही. जेवढं आटेल तेवढंच वरून घालायचं. गाव सोडताना तिने भांडीकुंडी टाकली, पण पेला मात्र दोन्ही हातांत धरून आणला. सांडू नये म्हणून बैलगाडीत बसली नाही. चालत आली.

२ जून, रविवार.

शेवटी बघितला. आई प्रार्थनेला गेली होती. पेला उजेडात धरला.

अळ्या आहेत. भरपूर. आणि वर काही रिकामी सालं तरंगत होती. म्हणजे काही डास होऊन उडालेसुद्धा!

पेला ठेवला आणि हात तीनदा धुतले. ओब्दुलियाची खोली फळीच्या पलीकडेच आहे. मधे भिंतसुद्धा नाही, फळ्यांचा पडदा आहे.

आईला सांगावं? ती विचारेल, मग काय करू, ओतू? आणि मी 'हो' म्हणू शकणार नाही.

३ जून.

उपाय सापडला. आई उठायच्या आत पाणी रुमालातून दुसऱ्या पेल्यात गाळलं, आतून पेला पुसला, तेच पाणी परत भरलं. एक थेंब वाया घालवला नाही. अळ्या अंगणातल्या तापणाऱ्या दगडावर झटकल्या.

मागून आवाज आला. "दारू गाळताय?"

ओब्दुलिया! हातात कोळशाची इस्त्री. मी इतका दचकलो की पेला निसटता निसटता राहिला.

"हळू बोला. आईला कळेल."

तिने रुमालात वाकून बघितलं. मी तिला सगळं सांगितलं. घाबरेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "एका हाताने जमत नाही तुम्हाला. उद्यापासून रुमाल मी धरते."

५ जून, बुधवार.

बेकरीवाला फारुको रोजच्यासारखा पाव घेऊन आला. बेचाळिशीचा, स्पेनमधल्या गलिसियाचा, मागल्या हिवाळ्यात आलेला. रोज आईला एखादी तक्रार ऐकवल्याशिवाय जात नाही. आज मात्र टोपली ठेवून खुर्चीत बसला. डोकं दुखतंय म्हणाला. आईने लिंबाचं पाणी दिलं. बराच वेळ बसून होता. "दोन्या इलारिया," तो आईला म्हणाला, "तुमच्या स्वयंपाकघरात गार वाटतं. इथेच राहू का?" आई म्हणाली, "राहा की. भांडी घासायला माणूस हवाच आहे."

६ जून.

फारुको पुन्हा आला. पुन्हा बसला. डोळे लाल. मी बाहेर पडलो तो सरळ डॉक्टरांकडे गेलो.

८ जून, शनिवार.

पिवळा तापच.

फारुकोच्या खोलीला तारेची जाळी ठोकली. दाराशी शिपाई. बेकरीच्या सगळ्या खिडक्यांच्या फटींवर कागद चिकटवून आत धूर केला. मग पंधरा-वीस घरांत तेच. आमच्याही. धूर निघून गेल्यावर मेलेले डास झाडून गोळा केले. आमच्या स्वयंपाकघरात सात मिळाले. ते सात कुठून आले हे मला ठाऊक होतं.

कॅप्टन व्हिटलॉक सबंध दिवस गल्लीत होते. पावसाची पन्हळ बघायला स्वतः शिडीवर चढले. रांजणांत हात घातले. चष्मा दोऱ्याने बांधलेला, तो सारखा नाकावरून घसरत होता. शेवटी बेकरीच्या पायरीवर बसले आणि मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये म्हणाले, "सगळं पाणी बघितलं. पाणी कुठेच नाही. मग डास कुठून? तुम्ही सगळीकडे बघता ना?"

मी बुटांकडे बघितलं. त्रांकिलिनोने आकाशाकडे.

त्यांनी बाही वर करून दंडावर बसलेली माशी उडवली. दंडावर ठिपक्यांची एक रांग दिसली, जुनी. माझी नजर तिकडे गेलेली त्यांना दिसली. म्हणाले, "मागल्या वर्षी छावणीत मुद्दाम डास चाववून घेतले, ताप डासानेच येतो हे खरं आहे का ते बघायला. आम्ही दोघे होतो. मी बरा झालो."

दुसऱ्याचं काय झालं ते मी विचारलं नाही.

९ जून, रविवार.

त्रांकिलिनोशी भांडण. आयुष्यात पहिल्यांदा कोणाशी आवाज चढवून बोललो. मी म्हटलं, डॉक्टरांना सांगायला हवं. तो म्हणाला, "सांग. मग उद्या शहरातल्या प्रत्येक आईच्या फळीवर आपण घासलेट ओतत फिरू. माझ्याही आईच्या. तिथे माझ्या बहिणीचा पेला आहे."

"लोक मरताहेत."

"लोक मेले म्हणूनच पेले ठेवलेत, मास्तर!"

मी म्हटलं, मी आमच्या घराचंच सांगेन. बाकी कोणाचं नाव घेणार नाही. तो बराच वेळ डब्याचं झाकण लावत राहिला. मग म्हणाला, "तुझ्या आईसमोर तू एकटा नको उभा राहूस. मी येतो."

१० जून, सोमवार.

सगळं जसं झालं तसं लिहितो.

सकाळी कॅप्टनना सांगितलं. ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी चष्मा पुसला. विचारलं, "घरी कोण आहे?" आई आहे म्हटलं. "मग मी येतो. तुकडी नको."

आई दारातच होती. डॉक्टरांना बघून तिने ओळखलं. माझ्याकडे असं बघितलं की मी लहान झालो. शालीच्या टोकाने तिने खुर्ची पुसली, बसा म्हणाली. पाहुणा तो पाहुणा.

डॉक्टर बसले नाहीत. फळीपाशी गेले, टोपी काढली. त्रांकिलिनोने काढायच्या आधी! अन्सेल्मोचा फोटो नाही, त्याचा चाकू आहे. त्याकडे बघत विचारलं, "किती वर्षं?"

"पाच," आई म्हणाली. "आणि तुम्ही आता त्याच्या घशात घासलेट ओतणार."

मी ते सोप्या शब्दांत परत सांगायला लागलो. त्यांनी हात वर केला. समजलं होतं. म्हणाले, "माझा मित्र गेला. मागल्या वर्षी. त्याच्यासाठी मी काही ठेवलेलं नाही. पेलासुद्धा नाही." मग पेल्याकडे वळून, "घासलेट नाही. पण हे पाणी असं राहू शकत नाही, सेन्योरा."

"मी शब्द दिलाय. ओतणार नाही."

मी रोज पाणी गाळतो हे सांगायला तोंड उघडलं, तर ओब्दुलिया फळ्यांच्या पलीकडून बाहेर आली. कामावर गेली असेल असं वाटलं होतं. म्हणाली, "दोन्या इलारिया, आमच्या गावी डोंगर उतरून कोणी आलं तर झऱ्यावर पळत जाऊन ताजं पाणी आणतात. तुमचा मुलगा तर केवढ्या लांबून येतो! त्याला पाच वर्षांचं शिळं?"

आई तिच्यावर ओरडली, "तू गप्प! कालची आलेली, तुला काय माहीत त्याला कसलं आवडतं!"

"नाही माहीत. मला रात्री डास चावतात एवढं माहीत आहे."

आई तिच्याकडे बघत राहिली. तिच्या गालांकडे. मग फळीपाशी गेली. पेला उचलला. मला वाटलं, आता अंगणात नेईल. तिने तो तोंडाला लावला आणि प्यायला लागली. हळूहळू. त्रांकिलिनो पुटपुटला, "अरे देवा." ती थांबली नाही. शेवटचा घोट घेऊन तिने तोंड पुसलं.

"ओतलं नाही," ती म्हणाली.

मग स्वतः रांजणाशी गेली, पेला तीन पाण्यांनी विसळला, ताजं भरलं, चाकूशेजारी ठेवला. डॉक्टरांना म्हणाली, "रोज बदलीन. सगळ्या गल्लीतल्या बायकांना मी सांगते. तुम्ही सांगू नका, तुमच्या तोंडून ते वाईट लागेल."

११ जून.

फारुको गेला. पहाटे. आईने त्याच्यासाठी एक लहान पेला मांडला. त्याला इथे गार वाटायचं म्हणून स्वयंपाकघरात.

१४ जून.

आई गल्लीतल्या घरोघर जाते. आमच्याआधीच! आम्ही पोचतो तर फळीवर ताजं पाणी, आणि बायका म्हणतात, "इलारिया सांगून गेली." त्रांकिलिनो म्हणतो, तिलाच डबा देऊ आणि आपण घरी झोपू.

१६ जून, रविवार.

संध्याकाळी बागेत लष्करी बँड होता. ओब्दुलिया बरोबर आली. परत येताना ती म्हणाली, संत हुआनच्या दिवशी, चोवीस तारखेला, इथे सगळे समुद्रात स्नान करतात ना? अस्तुरियासला आम्ही त्या रात्री होळीवरून उड्या मारतो. मी विचारलं, याल का समुद्रावर? ती म्हणाली, "तिथलंही पाणी तुम्ही आधी गाळून घ्याल."

म्हणजे हो! बहुतेक हो. दोनदा विचार केला, 'हो'च आहे.

१९ जून, बुधवार.

जेवताना आई अन्सेल्मोबद्दल बोलत होती. हल्ली मोकळेपणाने बोलते. म्हणाली, तो वर्षाचा असताना ती इथेच हवानात एका घरी दाई होती आणि तेव्हा त्याला पिवळा ताप आला होता. "काय रडायचा! मग मालकिणीने कामावरून काढलं, गावी गेले."

मी विचारलं, "आणि मला कधी आला?"

"तुला कुठून येणार? तू मागाहून झालास. डोंगरात. तिथे कसला ताप!"

आणि पुढचा मासा वाढला.

रात्री ओब्दुलियाला दाराबाहेरून विचारून आलो, मच्छरदाणी नीट खोचली आहे ना. माझ्या खाटेवर मच्छरदाणी नाही. उद्या आणायची.

२० जून.

आणली. नवी. भोकं नाहीत.

२२ जून, शनिवार.

थोडं डोकं दुखतंय. ऊन फार होतं.

२३ जून, रविवार. दुपार.

थंडी वाजतेय आणि अंग भाजतंय. कंबर धरलीय. त्रांकिलिनो आला, उद्याच्या स्नानावरून काहीतरी थट्टा करत. ती अर्धीच राहिली. म्हणाला, "मास्तर, गाल लाल झालेत तुझे. बोटीतून उतरल्यासारखे." मग नकळत टोपी काढली. लक्षात येताच घाईघाईने परत घातली आणि डॉक्टरांना आणायला धावत गेला. आई खाटेच्या पायाशी बसलीय. ओब्दुलिया दारात उभी आहे, तिला आत येऊ नको म्हटलंय.

जाळी ठोकायला माणसं येईपर्यंत हिशेब लिहून ठेवतो. अक्षर वाकडं येतंय, माफी.

खर्च: नवी मच्छरदाणी, एक पेसो वीस. समुद्रावर न्यायची गाडी, दोघांची, आगाऊ चाळीस सेंटाव्हो. एक जागा तरी वापरावी.

देणं: त्रांकिलिनोला कॉफीचे पंचवीस सेंटाव्हो.

कॅप्टन व्हिटलॉक यांना अर्जातली एक दुरुस्ती. 'होय' खोडून 'नाही'.

आईला एक पेला, लागलाच तर. पाणी रोज बदलायचं.